जुनी तिकिटे बंद करा, पण कारण लिहून: ओपन सोर्स मेन्टेनरांना खुले पत्र

ओपन सोर्स प्रकल्पांच्या मेन्टेनरांना, म्हणजे ते प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, आणि तिकिटे बंद करण्याचा अधिकार हाती असलेल्या, ट्रायाज म्हणजे तिकिटांची छाननी करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

इश्यू ट्रॅकरवर, म्हणजे चुका आणि मागण्या नोंदवण्याच्या जागी, एखादे तिकीट (अशी एक नोंद) बंद झालेले दिसले की वाचणाऱ्याला त्याचे तीन अर्थ लागू शकतात. चूक दुरुस्त झाली. चूक आहे, पण आम्ही ती दुरुस्त करणार नाही. किंवा, चूक अजून आहे की नाही हे कोणी पाहिलेलेच नाही, फक्त बरेच दिवस उलटले. पहिले दोन हे निर्णय आहेत. तिसरा निर्णय नाही, ते नुसते दप्तरी दाखल करणे आहे. आमचे म्हणणे या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जुनी तिकिटे बंद व्हायला हवीत याबद्दल आमचे दुमत नाही. हजारो उघड्या तिकिटांचा ट्रॅकर कोणाच्याच कामाचा राहत नाही. नव्याने आलेल्याला हाती घेण्याजोगे काम सापडत नाही. शोध घ्यावा तर कधीच मागे पडलेल्या आवृत्तीवरची चर्चा सर्वांत वर येते. एकच चूक पाच जण पाच वेगळ्या शब्दांत नोंदवतात, कारण मूळ नोंद गर्दीत दिसत नाही. आणि हे सगळे निस्तरणारी माणसे बहुतेक ठिकाणी आपला फावला वेळ खर्च करत असतात. त्यामुळे वेळ वाचवणारे संकेत हवेतच. फक्त ते असे हवेत की वेळ वाचेल आणि माहितीही वाचेल.

तिकिटाचे वय चुकीबद्दल काहीही सांगत नाही. बीएसडी या युनिक्स-वंशीय ऑपरेटिंग सिस्टिममधल्या ‘सीकडिर’ या डिरेक्टरी वाचण्याशी संबंधित फंक्शनमधली चूक १९८३ च्या सुमाराची. ती दुरुस्त झाली २००८ मध्ये. दरम्यान साम्बा या फाइल-शेअरिंगच्या सॉफ्टवेअरने तिला वळसा घालणारा कोड आपल्या बाजूला लिहून ठेवला होता. लिनक्स कर्नेलमधली ‘डर्टी काऊ’ ही सुरक्षा-त्रुटी ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाली. त्या दुरुस्तीच्या कमिटमध्येच (कोडमधल्या बदलाच्या नोंदीतच) लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी नोंदवले आहे की अकरा वर्षांपूर्वी ही चूक सुधारण्याचा एक प्रयत्न झाला होता आणि आयबीएमच्या एस-३९० या मेनफ्रेम यंत्रांवर अडचण आल्याने तो मागे घ्यावा लागला. कोडला कोणी हात लावेपर्यंत चूक जिथल्या तिथे असते, मग तिच्या तिकिटावर कोणी बोलो वा न बोलो.

तिकिटावरच्या शांततेचा अर्थ तर बऱ्याचदा उलटा असतो. नीट लिहिलेल्या तिकिटात आवृत्ती असते, चूक घडवण्याच्या पायऱ्या असतात, अपेक्षित आणि प्रत्यक्ष परिणाम असतो, छोटासा कोडचा नमुना असतो. वाचणाऱ्याला विचारण्यासारखे काही उरत नाही, म्हणून कोणी काही लिहीत नाही. ज्या तिकिटात नुसते ‘चालत नाही’ एवढेच आहे तिथे मात्र ‘मलाही’, ‘माझ्याकडेही’, ‘काही प्रगती?’ अशी रांग लागते. आता निष्क्रिय दिवस मोजून तिकिटे आपोआप बंद करणारा बॉट (स्वयंचलित प्रोग्राम) या दोहोंवर सोडा. तो पहिले बंद करील आणि दुसरे जिवंत ठेवील. निष्क्रियतेचा काटा तिकिटाचा कस मोजत नाही, तिथला गोंगाट मोजतो. या एका कारणासाठीच सरसकट चालणारे बॉट आम्हाला मान्य नाहीत.

मग दिवस मोजायचेच नाहीत का? मोजायचे, पण पाळी कोणाची आहे हे आधी पाहून. तुम्ही प्रश्न विचारला, नोंदवणाऱ्याने उत्तर दिले नाही, तर पाळी त्याची आहे. तिथे घड्याळ चालू करणे योग्यच, कारण त्या उत्तराशिवाय काम पुढे सरकत नाही. नोंदवणाऱ्याने सगळे दिले आहे आणि तुमच्याकडून कोणी पाहिलेले नाही, तर पाळी तुमची. तिथे घड्याळ चालवून तिकीट बंद करणे म्हणजे आपल्या विलंबाचा दंड दुसऱ्याकडून वसूल करणे. लाँचपॅड या ट्रॅकरमध्ये हा फरक नेमका पाळला आहे. प्रकल्पाने सोय चालू केली असेल तर तिथे तिकिटे आपोआप कालबाह्य होतात, पण फक्त ‘इनकम्प्लीट’ (माहिती अपुरी) स्थितीतली, आणि तीही ६० दिवस काही हालचाल नसेल तर. ‘कन्फर्म्ड’ तिकिटाला हात लागत नाही. डेबियन या लिनक्स वितरणात ‘मोअरइन्फो’ हा टॅग याच कामाचा आहे.

गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेवर ‘स्टेल’ (शिळे) नावाची ॲक्शन, म्हणजे आपोआप चालणारे साधन, वापरणाऱ्यांसाठी आता थोडे बारकाईने लिहितो, कारण बहुतेक नुकसान तिच्या मूळ सेटिंग जशाच्या तशा ठेवल्याने होते. काही न बदलता ती ६० दिवस निष्क्रिय असलेल्या प्रत्येक तिकिटाला ‘स्टेल’ लेबल लावते आणि आणखी ७ दिवसांनी बंद करते. पुल रिक्वेस्टनाही (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांनाही) तोच नियम लावते. त्यात पुढचे बदल करा. ‘ओन्ली-लेबल्स’मध्ये तुमचे ‘माहिती हवी’ या अर्थाचे लेबल घाला, म्हणजे बाकीच्या तिकिटांकडे ती पाहणारच नाही. सात दिवसांऐवजी किमान २१ ठेवा. माणूस आठवडाभर रजेवर असतो, आजारी असतो. पुल रिक्वेस्टसाठी ‘डेज-बिफोर-पीआर-स्टेल’ला उणे एक द्या, म्हणजे त्यांना ‘स्टेल’ लागणार नाही. तिथे पाळी बहुतेक वेळा रिव्ह्यू करणाऱ्याची असते. माइलस्टोनमधल्या आणि कोणाच्या नावावर असलेल्या तिकिटांना सूट देणारे पर्याय आहेत, तेही चालू करा. आणि पहिल्यांदा ‘डीबग-ओन्ली’ लावून चालवा: ती काय काय बंद करणार होती हे लॉगमध्ये दिसते, प्रत्यक्षात काही बदलत नाही. लॉगमधली तिकिटे एकेक उघडून वाचा. एका फेरीतल्या क्रियांची मूळ मर्यादा ३० आहे, त्यामुळे मोठ्या ट्रॅकरमध्ये फेरी मध्येच थांबते आणि ‘हे तिकीट कसे सुटले’ असा गोंधळ होतो. तो बिघाड नव्हे, ती मर्यादा आहे.

एवढे करूनही एक खड्डा राहतो, आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. तुम्ही प्रश्न विचारून ‘माहिती हवी’ लेबल लावले. नोंदवणाऱ्याने दहाव्या दिवशी व्यवस्थित उत्तर दिले. तुम्ही कामात होता, लेबल काढायचे राहिले. ६० दिवसांनी बॉट येतो, लेबल पाहतो, निष्क्रियता पाहतो, ‘स्टेल’ लावतो आणि पुढची मुदत संपली की उत्तर देणाऱ्याचेच तिकीट ‘उत्तर आले नाही’ म्हणून बंद करतो. ‘स्टेल’ उतरताना इतर लेबले काढण्याची सोय त्या ॲक्शनमध्ये आहे, पण ती ‘स्टेल’ एकदा लागून उतरले तरच चालते. इथे उत्तर त्याच्या आधीच आले आहे. म्हणून यासाठी वेगळी छोटी वर्कफ्लो (आपोआप चालणारी कृती) हवी. तिकिटावर नवी कॉमेंट आली की ती चालेल. कॉमेंट करणारा तिकीट नोंदवणाराच असेल आणि ‘माहिती हवी’ लेबल असेल तर ते काढून ‘तपासायचे आहे’ लावील. लिहायला पंधरा-वीस ओळी लागतात. हे नसेल तर बंद करणारा बॉट चालू करू नका असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुबर्नेटिस या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पाची पद्धत अनेक प्रकल्प उचलतात, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. तिथे ट्रायाज न झालेल्या तिकिटावर ९० दिवस हालचाल नसेल तर ते ‘स्टेल’ होते, आणखी ३० दिवसांनी ‘रॉटन’, आणखी ३० दिवसांनी बंद. हे सगळे बॉटच्या कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेले असते. थांबवण्याची आज्ञा तिथेच दिलेली असते, कायमचे गोठवण्यासाठी ‘फ्रोझन’ लेबल आहे, आणि बंद झालेले पुन्हा उघडण्याचीही आज्ञा आहे. नियम उघड आहेत, मुदत लांब आहे, परतीची वाट आहे, हे सारे चांगले. पण पाळी कोणाची हा प्रश्न ही पद्धतही विचारत नाही. परिणामी ज्यांना चूक भोवते आहे ते दर तीन महिन्यांनी येऊन तीच आज्ञा टाकतात आणि त्या तिकिटाचे सगळे अनुयायी तीच सूचना वाचतात. नोंदवणाऱ्याची चिकाटी मोजली जाते, चूक मात्र कोणी तपासत नाही. हा ढाचा घ्यायचा असेल तर त्यातला ‘फ्रोझन’चा भाग सढळ हाताने वापरा: चूक एकदा पक्की झाली की तिकीट गोठवून टाका.

फेडोरा या लिनक्स वितरणाचा मार्ग वेगळा आहे आणि वितरणांसाठी तो जास्त प्रामाणिक वाटतो. तिथल्या एका आवृत्तीचे आयुष्य साधारण १३ महिन्यांचे. तिच्या पुढची दुसरी आवृत्ती आली की सुमारे चार आठवड्यांनी ती संपते. संपताना तिच्यावरची उघडी तिकिटे बंद होतात, पण त्याआधी प्रत्येकावर सूचना येते की चूक नव्या आवृत्तीतही असेल तर आवृत्तीचा रकाना बदला. बंद करण्याचे कारण इथे एक तपासता येणारे सत्य आहे: या आवृत्तीला आता दुरुस्त्या मिळणार नाहीत. मात्र लायब्ररी किंवा छोट्या साधनाच्या प्रकल्पाने हे आंधळेपणाने उचलू नये. तुमच्या आवृत्ती २ मधली ती फाइल आवृत्ती ३ मध्ये शब्दशः तशीच असेल, तर ‘आवृत्ती २ संपली’ हे कारण वयाच्याच कारणाला दिलेले दुसरे नाव झाले. बंद करण्यापूर्वी त्या फाइलचा इतिहास एकदा पाहा. मधल्या काळात एकही कमिट नसेल तर चूकही तिथेच आहे असे धरून चाला.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे. एका जुन्या तिकिटाला वीस मिनिटे द्या, जास्त नको. त्यात दिलेल्या पायऱ्या ताज्या रिलीजवर (प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीवर) करून पाहा, मुख्य शाखेवर (चालू कामाच्या कोडवर) नव्हे, कारण वापरणाऱ्यांच्या हाती रिलीज असते. चूक दिसली तर तारीख, आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम लिहून ‘पक्के झाले’ लेबल लावा आणि पुढे जा. त्या दिवशी ती सोडवण्याची गरज नाही. ही एक ओळ फार मोलाची असते, कारण पुढच्या माणसाचा पहिला प्रश्न ‘हे अजून होते का’ हाच असतो.

चूक दिसली नाही तर लगेच बंद करू नका. आधी जुन्या आवृत्तीवर ती घडते का हे पाहा. तिथेही घडत नसेल तर तुमच्या यंत्रात आणि नोंदवणाऱ्याच्या यंत्रात काहीतरी फरक आहे, आणि ताज्या रिलीजवर न दिसणे याला काही अर्थ उरत नाही. जुन्यात घडते आणि नव्यात घडत नाही असे असेल तर ती कुठे सुटली हे शोधता येते. ‘गिट बायसेक्ट’ ही कोडच्या इतिहासात शोध घेणारी आज्ञा एरवी चूक कुठे शिरली हे शोधायला वापरतात. इथे दिशा उलटी असते आणि ‘गुड’, ‘बॅड’ या शब्दांनी डोके चक्रावते. सुरुवात करताना ‘टर्म-ओल्ड’ला ‘तुटलेले’ आणि ‘टर्म-न्यू’ला ‘सुधारलेले’ अशा अर्थाचे आपले शब्द द्या, म्हणजे घोळ होत नाही. प्रत्येक चाचणीत उरलेला भाग अर्धा होतो, त्यामुळे हजार कमिटमधून साधारण दहा चाचण्यांत उत्तर मिळते. सापडलेल्या कमिटचा दुवा देऊन तिकीट बंद केले की ते खरेखुरे निकाली निघते. कधीकधी असेही दिसते की चूक सुटलेली नाही, दुसऱ्या बदलाने फक्त झाकली गेली आहे; अशा वेळी तिकीट उघडेच ठेवून ते लिहा. वीस मिनिटांत कमिट सापडला नाही तर ‘अमुक आवृत्तीत घडते, अमुक आवृत्तीत घडत नाही’ एवढे लिहून बंद केले तरी चालेल.

कारणांच्या यादीबद्दल. बगझिला या जुन्या ट्रॅकरने सुरुवातीपासून बंद होण्याला कारण जोडले: दुरुस्त, चुकीची नोंद, करणार नाही, डुप्लिकेट, माझ्याकडे चालते. त्या यादीत एकेकाळी ‘लेटर’ आणि ‘रिमाइंड’ अशीही दोन कारणे होती. ती पुढे मूळ यादीतून गेली आणि ते बरेच झाले. ‘नंतर बघू’ म्हणून बंद केलेले तिकीट नंतर कोणी बघत नाही. गिटहबवर बराच काळ बंद म्हणजे फक्त बंद होते. २०२२ मध्ये ‘कम्प्लीटेड’ आणि ‘नॉट प्लॅन्ड’ असा भेद आला. पण बटणावर आधीपासून ‘कम्प्लीटेड’ निवडलेले असते आणि घाईत तेच दाबले जाते. मग दुरुस्त झालेल्या चुका शोधणाऱ्याला, रिलीजच्या नोंदी तयार करणाऱ्याला, कधीच दुरुस्त न झालेली तिकिटे ‘पूर्ण’ म्हणून मिळतात. बाणावर क्लिक करून कारण निवडायला एक सेकंद लागतो. ‘नॉट प्लॅन्ड’सुद्धा फार ढोबळ आहे, म्हणून सोबत एक लेबल ठेवा: उत्तर आले नाही, पुन्हा घडवता आले नाही, अपेक्षित वर्तन, दुसऱ्या प्रकल्पाची चूक, करणार नाही. पाच पुरेत. ‘इनव्हॅलिड’ हा शब्द शक्यतो टाळा. दोन तास घालवून लिहिलेल्या नोंदीवर तो शिक्का बसला की माणूस पुन्हा लिहीत नाही, आणि ‘अपेक्षित वर्तन’ म्हटल्याने अर्थ जास्त नेमका होतो.

‘करणार नाही’ हे मात्र स्पष्ट आणि लवकर म्हणा. पुष्कळ मेन्टेनर भिडेपोटी नकार देत नाहीत, तिकीट तीन वर्षे लोंबकळत ठेवतात आणि शेवटी बॉटकडून नकार देववतात. नोंदवणाऱ्याला त्याहून पहिल्या आठवड्यातले सरळ ‘नाही’ परवडते. तो फोर्क करील (कोडची आपली वेगळी प्रत चालवील), दुसरे साधन शोधील, स्वतःचे प्लगइन लिहील. नकारात तीन गोष्टी असाव्यात: निर्णय कोणी घेतला, कशासाठी, आणि काय बदलले तर तो पुन्हा विचारात घेता येईल. जँगो या वेब-फ्रेमवर्कच्या प्रकल्पात संकेत आहे की ‘वोन्टफिक्स’ झालेले तिकीट परस्पर उघडायचे नाही, आक्षेप असेल तर विकासकांच्या चर्चेच्या जागी मांडायचा. हा कडक नियम आहे, पण त्यात दार कुठे आहे हे सांगितलेले आहे.

तिकिटे आपोआप बंद करणाऱ्या शब्दांनी होणारे घोटाळे वेगळे. कमिट किंवा पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ‘फिक्सेस’ आणि तिकिटाचा क्रमांक लिहिला की मुख्य शाखेत मिसळताच तिकीट बंद होते. यंत्र फक्त शब्द आणि क्रमांक पाहते. ‘हा बदल अमुक क्रमांक फिक्स करत नाही’ असे इंग्रजीत लिहिले तरी त्यात तो शब्द आणि क्रमांक लागून आले की तिकीट बंद होऊ शकते. दहा उपकामांच्या छत्री तिकिटाला पहिल्याच उपकामाच्या पुल रिक्वेस्टने मिटवून टाकणे हाही नेहमीचा अपघात. अर्धवट दुरुस्तीत ‘रेफ्स’ किंवा ‘पार्ट ऑफ’ लिहा. आणि मिसळले म्हणजे वापरणाऱ्याला मिळाले असे नाही. लाँचपॅडमध्ये ‘फिक्स कमिटेड’ आणि ‘फिक्स रिलीज्ड’ या दोन वेगळ्या स्थिती आहेत. डेबियनमध्ये चूक कोणत्या आवृत्तीत सापडली आणि कोणत्या आवृत्तीत सुटली हे दोन्ही नोंदवता येते. तुमच्या ट्रॅकरमध्ये अशी सोय नसेल तर बंद करताना ‘४.२ मध्ये येईल’ एवढे तीन शब्द लिहा. ‘बंद केले पण माझ्याकडे अजून होते’ या कॉमेंटपैकी बऱ्याचशा त्यानेच थांबतील.

डुप्लिकेटबद्दल एवढेच: जुने ते मूळ असा नियम लावू नका, ज्यात जास्त माहिती आहे ते ठेवा. लक्षण सारखे असले तरी कारण सारखे असेलच असे नाही. स्टॅक ट्रेस (चूक घडली त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची यादी) जुळतो का ते पाहा. आणि साखळीच्या शेवटचे तिकीट उघडे किंवा दुरुस्त झालेले असलेच पाहिजे. पहिले दुसऱ्याचे डुप्लिकेट, दुसरे तिसऱ्याचे, आणि तिसरे बॉटने वर्षापूर्वी बंद केलेले, अशा साखळीत चूक उघडपणे कुठेच नोंदलेली उरत नाही.

बंद करतानाचा निरोप हा या साऱ्या कामाचा गाभा आहे. डेबियनची जुनी पद्धत इथे शिकण्यासारखी आहे. तिथे तिकीट बंद करायचे तर क्रमांकाला ‘-डन’ जोडलेल्या पत्त्यावर ईमेल पाठवतात आणि ते ईमेल नोंदवणाऱ्यापर्यंत जाते. म्हणजे बंद करणाऱ्याला काहीतरी लिहावेच लागते. बटणाच्या युगात ही सक्ती गेली, ती स्वतःहून पाळावी लागते. नमुना असा:

“३.१ वर दिलेल्या पायऱ्या करून पाहिल्या, चूक दिसते. ४.० वर दिसत नाही. नेमका कोणता बदल कारणीभूत हे सापडले नाही, पण ४.० मध्ये पार्सर नव्याने लिहिला गेला आहे. ‘पुन्हा घडवता आले नाही’ म्हणून बंद करत आहे. ४.० किंवा पुढच्या आवृत्तीत दिसली तर याच तिकिटावर आवृत्ती आणि इनपुट फाइल द्या, आम्ही पुन्हा उघडू. तुम्ही दिलेल्या छोट्या फाइलमुळे तपासणी दहा मिनिटांत झाली, त्याबद्दल आभार.”

यात काय तपासले, काय सापडले नाही, कारण, पुढची वाट आणि नेमके आभार आहेत. ‘आपल्या योगदानाबद्दल धन्यवाद’ हे छापील वाक्य, तेही बॉटच्या तोंडी, नसलेले बरे. ‘हे तिकीट आमच्यासाठी महत्त्वाचे आहे’ असे लिहून त्याच कॉमेंटने बंद करणे तर कृपया थांबवा.

नमुन्यातला ‘आम्ही पुन्हा उघडू’ हा शब्दप्रयोग मुद्दाम आहे. गिटहबवर प्रकल्पाच्या अधिकारी व्यक्तीने किंवा बॉटने बंद केलेले तिकीट नोंदवणाऱ्याला स्वतः उघडता येत नाही. त्याला ते बटण दिसतच नाही. तरीही ‘अजून अडचण असेल तर पुन्हा उघडा’ असे लिहिणारे बॉट सर्रास आहेत. म्हणून कॉमेंट करायला सांगा, आणि बंद तिकिटांवरच्या नव्या कॉमेंट कोणीतरी आठवड्यातून एकदा पाहील याची सोय करा. बंद तिकिटे अलीकडे बदललेल्या क्रमाने लावली की ती यादी मिळते. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. संघटनेच्या रिपॉझिटरीत गिटहबची ‘ट्रायाज’ भूमिका देता येते. तीत लेबल लावणे, बंद करणे, उघडणे जमते, पण कोडवर लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. नेहमी चांगल्या नोंदी करणाऱ्या दोन-तीन जणांना ती द्या, भार हलका होईल.

बंद तिकिटे काही दिवसांनी आपोआप लॉक करणाऱ्यांनी याचा जास्त विचार करावा. बॉटने चुकून बंद केले, नोंदवणारा महिन्याने परतला, तर लॉकमुळे तो तिथे एक शब्दही लिहू शकत नाही. डेबियनमध्येही बंद तिकिटे २८ दिवसांनी संग्रहात जातात, पण एका आज्ञेने ती बाहेर काढता येतात. लॉक करायचेच असेल तर फक्त दुरुस्त होऊन रिलीज झालेल्या तिकिटांना करा. तिथे त्याला अर्थही आहे: दुरुस्ती रिलीज झाल्यावर तेच लक्षण पुन्हा दिसले तर नवे तिकीट, जुन्याच्या दुव्यासह, हाच सरळ संकेत. रिलीज होण्याआधीच दुरुस्ती अपुरी ठरली तर जुनेच उघडा.

एकदाच मोठी साफसफाई करायची असेल तर तिचा क्रम सांगतो. दोन आठवडे आधी जाहीर करा आणि कोणती तिकिटे विचारात घेणार हे शोधाच्या दुव्यासह द्या. सुरक्षा, डेटा गमावणे आणि दिव्यांगांना वापरता न येणे यांविषयीची तिकिटे माणसाने वाचल्याशिवाय बंद करायची नाहीत, असे आधीच ठरवा. घाऊक कारवाईत सुक्याबरोबर ओले जळते ते इथेच. एका बैठकीत वीस-पंचवीसपेक्षा जास्त घेऊ नका. त्यापुढे वाचणे संपते आणि पाट्या टाकणे सुरू होते. शिवाय एका दुपारी पाचशे तिकिटे बंद केली तर सगळे अनुयायी तुमच्या सूचनाच बंद करून टाकतात. या मोहिमेत बंद केलेल्या प्रत्येकाला एकच खास लेबल लावा, म्हणजे निकष चुकला असे लक्षात आल्यावर नेमकी तेवढीच परत उघडता येतील. नव्या सुविधांच्या मागण्या वेगळ्या काढा. त्या चुका नाहीत, त्यांना ‘पुन्हा घडवणे’ लागू होत नाही. गिटहबवर त्या डिस्कशन्समध्ये हलवता येतात, जँगोच्या ट्रॅकरमध्ये ‘समडे/मेबी’ असा टप्पाच आहे.

ट्रॅकर बदलताना जुनी तिकिटे मागे टाकण्याचा मोह होतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने एप्रिल २०२२ मध्ये आपल्या जुन्या ट्रॅकरवरून गिटहबवर स्थलांतर केले तेव्हा जुन्या नोंदी सोबत आणल्या. क्रमांक बदलले, तरी जुन्या क्रमांकांवरून शोध घेता येतो. कमिट संदेशांत, कोडमधल्या कॉमेंटमध्ये जुने क्रमांक विखुरलेले असतात. ते कुठेच पोहोचवत नसतील तर ‘ही विचित्र ओळ इथे का आहे’ याचे उत्तर कायमचे जाते.

हे सगळे संकेत योगदानाच्या मार्गदर्शक फाइलमध्ये अर्ध्या पानात मावतात: कोणत्या स्थितीत किती दिवस, कोण बंद करू शकतो, कारणांची पाच लेबले, पुन्हा उघडण्याची रीत. पण ते पान लिहायला वेळ लागणार असेल तर त्याआधी आजच करण्यासारखी दोन कामे आहेत. तुमच्या बॉटच्या सेटिंगमध्ये ‘डेज-बिफोर-क्लोज’ला उणे एक द्या, तो लेबल लावीत राहील, बंद करणार नाही. आणि ‘स्टेल’ लेबलसह बंद झालेली तिकिटे शोधून, सर्वाधिक अंगठे मिळालेली वर येतील अशी लावा. त्यांतली पहिली पंचवीस उघडून वाचा, आणि ज्यांत चूक अजून घडते आहे ती पुन्हा उघडा.

आपले स्नेहांकित,
तिकिटे नोंदवणारे, तपासणारे आणि पॅच पाठवणारे आम्ही काही जण